चारशे तीस ग्रॅमचा लॅपटॉप

"लॅपटॉप निवडणं हे येरागबाळ्याचं काम नाही!" असं नवरोबांनी चहा पिता पिता जाहीर केलं, तेव्हाच बायकोने कपाळावर हात मारून घेतला. घरात त्यांना 'अभ्यासू' म्हणत. साधी फरशी पुसायची काठी घ्यायला त्यांनी दोन महिने लावले होते!

पण या वेळी घाई होती. बायको विमा कंपनीत नुकसानीच्या पाहणीचं काम करायची. पडक्या भिंती आणि जळके जिने चढताना जुना लॅपटॉप खांद्याला धोंड्यासारखा लोंबायचा. डॉक्टर म्हणाले होते, "ओझं तरी सोडा, नाहीतर नोकरी!" त्यात सोमवारी त्या धोंड्यानेच मान टाकली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अहवाल द्यायचा होता.

अभ्यासू दुकानात शिरले ते स्वयंपाकघरातला वजनकाटा काखेत मारून. बायको लाजेने चार पावलं मागे.

"काका, वजन खाली लिहिलंय की," विक्रेती म्हणाली.

"लिहिलेल्यावर विश्वास असता तर काटा कशाला आणला असता?"

एकेक लॅपटॉप काट्यावर चढू लागला. दीड किलो! सव्वा किलो! "अजून हलका! आणि स्वस्त!" विक्रेती काही सांगायला गेली की हे बोट उभारून म्हणायचे, "मधे बोलू नका, आकडा हलतो!"

शेवटी त्यांनी थेट दुकानाच्या दर्शनी काचेमागे मांडलेला लॅपटॉपच उचलून काट्यावर ठेवला.

"चारशे तीस ग्रॅम!"

ही आरोळी दुकानभर घुमली. गिऱ्हाइकं गुळाला मुंगळे लागावेत तशी धावली. एका निवृत्त आजोबांनी तर लॅपटॉपचं दुसरं टोकच धरलं.

"आधी मी उचललाय!"

"पण मी वयाने मोठा आहे!"

"काका, आजोबा, अहो तो..." विक्रेती काकुळतीला आली.

"गप्प बसा!" दोघंही एका सुरात ओरडले आणि दोघांनीही जोर लावला. टर्रर्र! लॅपटॉपचे दोन तुकडे झाले. आतून पुठ्ठा आणि चुरगळलेला कागद बाहेर पडला.



"तेच सांगत होते मघापासून," विक्रेती म्हणाली. "तो शोभेचा आहे. आत काहीच नाही."

आजोबांनी आपला अर्धा भाग न्याहाळला. "असू दे, चिकटवून द्या. मला शेजाऱ्यांना दाखवण्यापुरताच हवाय."

घामाघूम अभ्यासूंनी बायकोला शोधलं. ती दाराशी उभी होती, लॅपटॉप पिशवीत घालून. त्यांची झोंबाझोंबी चालू असताना तिने दोन लॅपटॉप एकेक करून हातात उचलून पाहिले होते, परवडेल तो घेतला होता आणि पैसेही देऊन टाकले होते.

"अगं, न मोजताच घेतलास?"

"अहो, खांदा माझा आहे. त्याला कळतं."

अभ्यासू वजनकाटा सांभाळत घरापर्यंत आले. जिन्यात मात्र राहवेना.

"एक तरी कबूल कर. त्या चारशे तीस ग्रॅमवाल्यापेक्षा हलका लॅपटॉप अख्ख्या बाजारात नव्हता!"