टेकचंद काकांचा तिसरा गिअर

आमच्या शेजारचे टेकचंद काका माणसाला गिअरनं ओळखतात. सरपंच न्यूट्रलमध्ये, पोस्टमन पहिल्यात आणि मी, दवनीवाड्यात पिठाची गिरणी चालवणारा शंकर, कायम दुसऱ्यात. ‘इंजिन बोंबलते, पण माणूस पुढं जाऊन नाही राहिला,’ असं ते माझ्याच गिऱ्हाइकांना सांगतात.

काकांची मोटारसायकल त्यांच्या लेकीपेक्षा मोठी. लेक लग्न होऊन नागपूरला गेली, गाडी मात्र घरीच आहे. तिला आजवर मिस्तरीचा हात लागलेला नाही. काकांच्या मते मिस्तरी म्हणजे चांगल्या गाडीले बिमार करणारा डॉक्टर.

यंदा धान कापून झाल्यावर गाडीचा तिसरा गिअर पडेना. दुसऱ्यातून पुढं जाताना गाडी मधेच न्यूट्रल व्हायची आणि इंजिन नुसतं ओरडायचं. काकांनी आधी क्लचची तार कसली. ‘रोग पकडला,’ म्हणाले. मग ऑइल बदललं, कारण ते ताकासारखं पातळ झालं होतं. ‘आता पकडला.’ मग गिअरचा दांडा नवा आणला, शेवटी क्लचप्लेटी बदलल्या. तरी बसस्टँडच्या वळणावर इंजिन ओरडायचंच. त्या आवाजावर कमलाकाकू घरी चहा ठेवायच्या.

एका दुपारी काका अंगणात पोतं अंथरून इंजिनच खोलायला निघाले. मला धडकी भरली.

‘काका, खोलण्याआधी मी एक चक्कर मारून पाहू?’

‘मार. समजल तुले.’

मी नहराच्या रस्त्यानं जाऊन आलो. चारही गिअर लोण्यासारखे पडले.

‘गाडी तर सही आहे, काका.’

‘मग मलेच काऊन धोका देते?’ म्हणत ते घरात गेले, चाव्या-पाने घेऊन आले. मी गाडी मोठ्या स्टँडवर उभी करून चालू केली आणि त्यांना बसवलं. मी बाजूला उकिडवा बसून पायाकडं पाहू लागलो. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना पाय दांड्यावर आला, अर्धाच दाबला गेला आणि थांबला. काकांना वाटलं, पुरता दाबला. त्या पायात चप्पलही नव्हती. ती उंबऱ्यातच निसटली होती आणि काका तापलेल्या फरशीवरून तसेच चालत आले होते.

‘काका, चप्पल कुठं आहे?’

त्यांनी पायाकडं दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं पाहिलं. गाडी बंद केली.

‘पावसाळ्यापासून पंजा समजूनच नाही राहिला,’ ते हळूच म्हणाले.

‘मग गाडी कायले खोलून राहिले?’

‘गाडीत खोट निघाली असती तर बरं झालं असतं, बापा. तिचा पुर्जा भेटते.’ त्यांनी स्वयंपाकघराकडं नजर टाकली. ‘हिची माय बोदलकशाले एकटी आहे. बसमध्ये हिले उलट्या होतात. मी नाही नेलं, तर कशी जाईल ही?’

काकू चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवत एवढंच म्हणाल्या, ‘मले सांगाले काय झालं होतं?’

दुसऱ्या दिवशी काकूच त्यांना बसनं गोंदियाला घेऊन गेल्या. खिडकीशी बसल्या, तोंडाला पदर लावून. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातल्या वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. पण औषध घेतलं, पथ्य पाळलं आणि पाय जपला तर पुढचं थांबवता येईल. काकांनी त्या दिवसापासून चहातली साखर सोडली.

पुढं घरात बिनगिअरची स्कूटर आली. काकू ती खळ्यावर शिकल्या. काका धानाच्या तणसाच्या ढिगाला टेकून सूचना देत होते, काकू त्यातली एकही ऐकत नव्हत्या.

गेल्या रविवारी दोघं बोदलकशाला निघाले. काकू पुढं, काका मागं. स्कूटरचा डावा आरसा आत वळलेला दिसला. मी तो सरळ करायला हात घातला.

‘राहू दे, शंकर,’ काकू म्हणाल्या. ‘मागचा रस्ता त्या उजव्या आरशात दिसते. याच्यात हे दिसतात.’

काका उगाच नहराकडं पाहू लागले.

‘चाल ना,’ ते म्हणाले. ‘माय वाट पाहून राहिली असंल.’