टिमोझा म्हणायचं नाही!

“आज दुपारपर्यंत या घरात कुणीही ‘टिमोझा’ म्हणायचं नाही!” चष्मेवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं, आणि पलंगाखालून एक तपकिरी कुत्रा तोंडात चपलेचा अंगठा धरून धावत आला. बोलावलंत का, असा चेहरा करून त्यांच्यापुढे उभा राहिला.

“पहिला नियम तुम्हीच मोडलात,” बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांचं दुकान खाली आणि घर वर. पोट चष्म्यांवर चाले, पण जीव गुंतला होता नावांत. इंटरनेटवर कुणालाही दुकान थाटायचं तर आधी पत्ता लागतो आणि तो पत्ता म्हणजे एक नाव. कुणी घ्यायच्या आत असं एखादं गोड नाव आपण नोंदवून ठेवायचं, दरवर्षी त्याची फी भरायची आणि गरजू गिऱ्हाईक येईपर्यंत दम धरायचा, असा हा धंदा. चष्मेवाल्यांची नावं कुठल्या शब्दकोशातली नव्हेत. ती त्यांना दुकानातच सापडत. नजर तपासायला बसलेला माणूस चष्म्याविना भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचू लागला, की जे नाही ते वाचतो. समोरच्या घरातल्या आजोबांनी एकदा शेवटची ओळ ठणठणीत आवाजात ‘टिमोझा’ अशी वाचली. पाटीवर त्यातलं एकही अक्षर नव्हतं. चष्मेवाल्यांनी आजोबांना जाड भिंगाचा चष्मा दिला आणि नाव स्वतःला ठेवून घेतलं.

प्रश्न एवढाच, की धरून ठेवायचं तरी किती दिवस? पूर्वी एक नाव त्यांनी घाईघाईनं विकलं, तर ते पुढं बसच्या पाठीवर हातभर अक्षरांत फिरू लागलं. ती बस दिसली की चष्मेवाले काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकत. दुसरं एक नाव जास्त भावाच्या आशेनं धरून बसले, तर गिऱ्हाईक कंटाळून भलत्याच नावाशी सोयरीक करून मोकळं झालं. तेव्हापासून त्यांनी एकच व्रत घेतलं: ज्याला हेच नाव हवं, दुसरं नको, असा माणूस दारात येईपर्यंत हलायचं नाही. वर्षं सरली, नावं वाढली, फी वाढली. दारात मात्र दूधवाल्याखेरीज कुणी आलं नाही.

“कोंबडीसुद्धा अंड्यांवर बसते,” बायको म्हणायची, “पण कधी उठायचं ते तिला कळतं. तुम्ही तर गोटे उबवताय.”

यंदा तिनं निकालच लावला होता. उद्या फीची तारीख. तोवर एक जरी नाव विकलं गेलं, तर बाकीची खुशाल ठेवा; नाहीतर सगळीच्या सगळी सोडून द्यायची. चष्मेवाल्यांनी तसा शब्द दिला होता, तोही आईसमोर. आणि आईसमोर दिलेला शब्द त्या घरात कोर्टातल्या शपथेपेक्षा जड.

आणि देवाची करणी पाहा! सगळं बुडायला एक दिवस उरलेला असताना गाद्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला. त्यांना नव्या गादीसाठी टिमोझाच हवं होतं. कुणाशी व्यवहार करायचा त्याचं तोंड बघितल्याशिवाय त्या काही घेत नसत, म्हणून स्वतः येणार होत्या. अट एकच. “नाव कोरं हवं. आमच्या गादीचं नाव कानावर पडताच माणसाला निवांत वाटलं पाहिजे. बदनाम झालेलं चालणार नाही.”

“अगदी कोरं आहे,” चष्मेवाल्यांनी आनंदाच्या भरात उत्तर धाडलं. “अजून कुणाच्या जिभेलासुद्धा लागलेलं नाही.”

उत्तर गेलं आणि मागून उशी फाटल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे त्यांना कुत्र्याची आठवण झाली.

त्या कुत्र्याला हे नाव कुणी ठेवलं नव्हतं. नाव जिभेवर रुळतं का, हे पाहायला चष्मेवाले रोज संध्याकाळी गॅलरीत उभे राहून ते खड्या आवाजात म्हणत. आई म्हणायच्या, “इतक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतंस, तर तो जिना चढून वर आला असता.” नेमक्या त्याच वेळी आई गल्लीतल्या एका पोरक्या पिल्लासाठी खाली बशीत दूध ठेवत. पिल्लानं आपल्यापुरता अर्थ लावला: टिमोझा म्हणजे दूध, आणि दूध म्हणजे आपण. नामाचा महिमा असा असतो. घेणारा एका आशेनं घेतो आणि ओ भलताच कुणीतरी देतो. देवाऐवजी पिल्लू जिना चढून आलं ते कायमचंच. वर्षभरात त्यानं गल्लीतली एकही चप्पल, एकही पायपुसणं आणि एकाही सज्जन माणसाची झोप शाबूत ठेवली नव्हती.

“त्याला तासभर शिंप्याकडे बांधू,” चष्मेवाले म्हणाले. “आणि कुणी विचारलंच तर कुत्र्याचं नाव राजा.”

“मी खोटं बोलणार नाही हं,” आई जपमाळ ओढता ओढता म्हणाल्या.

“खोटं नको बोलूस गं आई. नुसती बोलूच नकोस!”

शेजारच्या शिंप्यानं कुत्र्याला शिलाई मशीनच्या पायाशी बांधून घेतलं. “ठेवतो, चष्मेवाले. पण याने कापडाला तोंड लावलं, तर याच्या तोंडाला काजं-बटणं करीन.”

मालकीणबाई आल्या त्या काखेत एक गुंडाळी घेऊनच. पांढऱ्या कापडातून त्यांनी गादीचा उशीएवढा नमुना काढला आणि झोपलेलं तान्हं ठेवावं तसा अलगद खुर्चीवर ठेवला. मग डोळे मिटून त्यावर नाव पुटपुटल्या, “टि… मो… झा. वा! अंग सैल पडतं हो.”

“पडणारच,” चष्मेवाले हात चोळत म्हणाले. “नावातच शांती आहे.”

“टिमोझाऽऽ!” खालून आरोळी आली. “सोड ती बाही! अरे मेल्या, उद्या नवरदेवाला एका हाताचा कोट घालू का?”

चष्मेवाल्यांनी खिडकी लावून घेतली. बाईंनी डोळे उघडले. “कुणी हाक मारली का?”

“आमचे शिंपी. गातात अधूनमधून.”

“टिमोझा, पार्सल टाक खाली!” हा पोस्टमन. “पुढं व्हा, पुढं व्हा! टिमोझा गटाराकडे पळाला!” हा ज्यांच्या तोंडून ते नाव जगात अवतरलं त्या आजोबांचा आवाज, आणि तोही कवळी न लावता. पाठोपाठ त्यांच्या घरातली, नुकती बोलायला लागलेली नात आनंदानं किंचाळली, “टिमोझा! टिमोझा!” बंद खिडकीला कोण जुमानतो? गल्लीभर त्या एकाच नावाचा गजर सुरू झाला.

इतक्यात बायको दुकानातून धावत वर आली. “अहो, टिमो…” बाईंना पाहून तिनं उरलेलं अक्षर गिळलं. “टिमक्या वाजवतायत नुसत्या लोक खाली!”

तिच्या पायांमधून वाट काढत तो आलाच. गळ्यात कोटाची बाही, शेपटीला पार्सलची दोरी, चारही पाय गटारात बुडवून काढलेले.

“याचं नाव काय?” बाई उभ्या राहत म्हणाल्या.

“राजा!” चष्मेवाले ओरडले. “राजा, बस! राजा, खाली बस म्हणतो ना!”

कुत्र्यानं मागे वळून पाहिलं. हा राजा कोण आलाय, हे त्यालाही बघायचं होतं.

बाई आईंकडे वळल्या. “आजी, तुम्ही सांगा.”

आईंनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. मग त्यांनी वर, देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. “बाई, जीभ त्यानं दिलीय, ती खोट्यात बुडवून परत कशी करू? टिमोझा, बस!”

कुत्रा तिथल्या तिथे बसला.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि तसाच हातात ठेवला. “बाई, नाव कोरं नाही. मीच खोटं लिहिलं. वर्षभर गल्ली हे नाव घेऊन शिव्या घालतेय. इतकी वर्षं धरून ठेवलं आणि शेवटी माझ्याच दारात बाटलं. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा.” मग बायकोकडे न बघता म्हणाले, “उद्या सगळी सोडतो मी.”

बायकोला खरं तर जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण चष्म्याविना नवऱ्याचे ते उघडे, उगाचच लहान दिसणारे डोळे पाहून तो काही तिला होईना.

बाई गॅलरीत गेल्या. खाली शिंपी, पोस्टमन, आजोबा, नात, सगळे फिर्यादी वर बघत जमलेच होते. “काय हो, या कुत्र्याचं नाव काय?”

“टिमोझा!” गल्ली एका सुरात गरजली.

बाई आत आल्या त्या हसतच. “अहो, आमच्या मागच्या गादीला मोठ्या शहाण्या लोकांकडून नाव करून आणलं होतं. माझ्या पहारेकऱ्याला ते अजून म्हणता येत नाही, आणि मला दर वेळी लेबल वाचावं लागतं. इथं संतापलेला माणूस, दात नसलेला माणूस आणि दात यायचे असलेलं पोर, एकाचीही जीभ अडखळली नाही! कोरं नाव मागितलं हा माझा वेडेपणा. हेच द्या मला.”

“पण बदनामी…”

“शिव्या कुत्र्याला आहेत, नावाला कुठे आहेत? बोला, काय घेणार?”

चष्मेवाल्यांनी मनात कितीतरी वर्षं जपलेला आकडा सांगितला.

“थांबा,” दारातून बायको म्हणाली. “तो झाला कोऱ्या नावाचा भाव. हे रुळलेलं आहे. वर्षभर कुत्र्याला पोसून, गल्लीच्या चपला भरून देऊन रुळवलंय. त्याचं वेगळं होईल.” आणि तिनं असा आकडा सांगितला, की चष्मेवाल्यांनी घाईघाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. ही आपलीच बायको ना, याची खात्री करायला.

बाईंनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. “कारखान्यात विक्रीला येता का?” त्या म्हणाल्या. “दिले! फक्त एक. उद्यापासून हे नाव दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही. कुत्र्याचं बदला.”

“बदललं!” चष्मेवाले म्हणाले.

“नाही बदलायचं,” आई म्हणाल्या. जपमाळ थांबली होती. “त्याला आईबाप नाहीत, घर नव्हतं. एक नाव तेवढं त्यानं स्वतः ऐकून स्वतः कमावलं. तेही विकून खाणार?”

मुलाचा जन्माचा विजय दाराशी आलेला आणि आई उंबऱ्यात आडवी. चष्मेवाले एकदा बाईंकडे, एकदा आईंकडे बघत राहिले. अखेर जड आवाजात म्हणाले, “बाई, आई म्हणते ते खरं आहे. नाव माझं असेल, पण हाकेला तो येतो. मग… राहू द्या व्यवहार.”

“पण तो आहे कुठं?” बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी शोधलं. ज्याला वर्षभरात कुणी घटकाभरही गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, तो खुर्चीवरच्या त्या गादीच्या नमुन्यावर, चिखलाच्या चारही पायांची घडी करून घोरत होता. मान कलंडलेली, बाही अजून गळ्यात. शिंपी दार ठोठावत वर आला, पोस्टमन आला. कुत्रा हलला नाही. शिंप्यानं अविश्वासानं गादी चाचपली. “ही काय भावाला आहे हो?” त्यानं हळूच विचारलं.

बाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि झोपलेल्या कुत्र्याचा फोटो घेतला. मग खूप वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या.

करार त्या दिवशीच झाला. त्यात शेवटी एक कलम होतं: सदर नाव प्रस्तुत श्वानाकडे आजन्म राहील. आता तीच बस टिमोझाला पाठीवर घेऊन गल्लीवरून जाते, गादीवर घोरणाऱ्या, हातभर लांब टिमोझाला. ती दिसली की चष्मेवाले काउंटरखाली वाकत नाहीत. गिऱ्हाईकाला दारात आणून विचारतात, “ते वाचता येतंय का? मग तुमची नजर ठीक आहे.”

फी तर त्यांनी भरलीच, सगळ्या नावांची. आठवड्याभरानं संध्याकाळी ते दुकान आवरून वर आले, तर गॅलरीतून आवाज येत होता. बायको हातात दुधाची बशी घेऊन उभी होती आणि पलीकडच्या भिंतीवरच्या मांजराला गोड आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होती, “लुबेनो… ये लुबेनो… लुबेनो…”

चष्मेवाले दाराला टेकून हसू दाबत म्हणाले, “काय गं, किती दिवस बसणार आहेस या अंड्यावर?”

“श्श!” मान न वळवता ती म्हणाली. “ते ओ देईपर्यंत.”