टाकीमागचा कस्तूर

पुढ्यातला चहा निवत चालला होता आणि रघुवीरराव मोबाईल कानाला लावून, डोळे मिटून बसले होते. आरती संपल्यावर देवळातल्या काही मोजक्याच माणसांच्या चेहऱ्यावर उमटतो तसला भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"ऐक," म्हणत त्यांनी मोबाईल सौदामिनीच्या कानाशी धरला. "आज पहाटे आपल्या गच्चीवर. पांघरुणातून हात बाहेर काढून खिडकीतून रेकॉर्ड केलंय. थंडी काय होती म्हणतेस! पण म्हटलं, हात गारठून गळाला तरी बेहत्तर."

मोबाईलमधून आधी नुसतीच खरखर आली. मग एक शीळ आली. लांबलचक, वळणं घेत खाली उतरणारी, मध्येच थबकून पुन्हा वर चढणारी. एखादं उनाड पोरगं शाळा बुडवून ओढ्याकाठानं निघावं, तशी.

सौदामिनीच्या हातातलं उलथनं तव्यावरच थांबलं. ती शीळ तिची स्वतःची होती.

सौदामिनीचं माहेर हिर्डोशीचं. लहानपणी म्हशींमागं ओढ्याकाठी हिंडताना तिथला एक निळा-काळा पक्षी तिला रोज भेटायचा. पावसाळाभर तो खडकावर बसून शीळ घालायचा आणि ही त्याला चिडवायला तशीच घालायची. पुढं पुढं ती इतकी हुबेहूब जमली, की पक्षी तावातावानं येऊन तिच्या डोक्यावरून घिरट्या घालायचा. लग्न होऊन ती भोरला आली आणि पहिल्याच आठवड्यात पोळ्या लाटता लाटता तोंडून शीळ गेली. बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "कोण उडाणटप्पू शिरलाय रे घरात?" त्या दिवसापासून तिनं ओठ मिटले ते मिटले. पुढं सासरे गेले, मुलगी सासरी गेली, पण शीळ काही स्वयंपाकघरात परत आली नाही. रघुवीरराव घोरत असताना पहाटे गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायचं, तेवढीच काय ती तिची वेळ.

"अहो, ते..." तिनं सुरुवात केली.

"शीळकरी कस्तूर!" रघुवीरराव म्हणाले. "घाटातला पक्षी. भोरच्या बाजारपेठेत, आपल्या गच्चीवर! टाकलंसुद्धा मी ग्रुपवर."

तिथंच सगळं बिनसलं.

'भोर-वेल्हे बागमित्र' हा ग्रुप म्हणजे रघुवीररावांचा निवृत्तीनंतरचा संसार होता. तहसील कचेरीतून बाहेर पडल्यावर त्यांनी गच्चीवर शेवंती, गुलाब आणि वालाचे वेल लावले होते. पण ग्रुपवर वट होता तो मानसिंगरावांचा. त्यांचं पानशेतला धरणाच्या काठावर फार्महाऊस. ते रोज सकाळी एका पक्ष्याचा फोटो टाकायचे. कधी धनेश, कधी स्वर्गीय नर्तक. रघुवीररावांच्या गच्चीवर कबुतरं यायची. एकदा त्यांनी मोठ्या हौसेनं भारद्वाज म्हणून फोटो टाकला, तर मानसिंगरावांनी खाली लिहिलं होतं, 'कावळा छान आलाय.' त्यानंतर दोन दिवस रघुवीरराव नीट जेवले नव्हते.

आणि आज ते दुसरी पोळी मागून घेत होते. सौदामिनीला बोलवेना.

ग्रुपवर तोवर धुमाळी सुरू झाली होती. पालीच्या गेनबांनी नेहमीप्रमाणं बोलूनच निरोप पाठवला होता. राजगडाच्या पायथ्याची हवा त्यातून सूं सूं करत येत होती. "लई ग्वाड वाजतंय बगा पाखरू, रघुवीरराव. आवंदा थंडी बी लौकर आली. आमच्याकडं साळिंदरानं रताळ्याचा वाफा उकारला. रताळी खाल्ली आन् भाड्यापोटी दोन काटं ठिवून गेलं."

मानसिंगरावांनी मात्र लिहिलं, 'शीळकरी कस्तूर पावसाळ्यात गातो. दिवाळीच्या तोंडावर, तोही गावात? मोबाईलवरून मोबाईलवर तर नाही ना रेकॉर्ड केलंत? :)'

तो शेवटचा हसरा चेहरा रघुवीररावांच्या वर्मी लागला. रविवारी ग्रुपची आकाशकंदील करायची बैठक होती, ती त्यांनी आपल्या गच्चीवर ओढून आणली, तीही भल्या पहाटे. 'स्वतःच्या कानांनी ऐका,' असं लिहिलं. मानसिंगरावांनी उलट लिहिलं, 'येतोच. सोबत पुण्याहून अमृत सरांना आणतो. पक्ष्यांच्या आवाजावर त्यांचा तीस वर्षांचा अभ्यास आहे.'

हे कळल्यावर सौदामिनीनं शीळ बंदच केली. पक्षी उडून गेला म्हणजे प्रश्न मिटला, असा तिचा साधा हिशेब होता.

पण पक्षी गेल्यावर रघुवीररावच खचले. ते पहाटे उठून कानटोपी घालून खिडकीशी बसू लागले. गच्चीवर पपईच्या फोडी ठेवल्या, पाण्यानं भरलेलं मातीचं परळ ठेवलं. पपई खारींनी खाल्ली. शुक्रवारी ते घायकुतीला येऊन म्हणाले, "तू काही दिवस पाणी घालायला वर जाऊ नकोस. तुझ्या बादलीच्या आवाजानं बुजला असणार तो."

"मी गेले नाही तर तो मुळीच गायचा नाही," सौदामिनी म्हणाली.

"तुला काय कळतंय पक्ष्यांतलं?" रघुवीरराव म्हणाले आणि ताट अर्धं टाकून उठले.

त्या अर्ध्या ताटाकडं पाहून सौदामिनीनं ठरवलं, रविवारी कस्तूर येईल. एकदाच येईल, मानसिंगरावांचं तोंड बंद करील आणि जाईल तो कायमचाच.

रविवारी नीरेवरून धुकं वर सरकत होतं तोच मंडळी हजर झाली. गच्चीवर सतरंजी पडली. गेनबांनी कळकाच्या कामट्या आणल्या होत्या. भराभरा त्यांचे षटकोन बांधत ते म्हणाले, "कंदील कसा, आतनं पोकळ पायजे आन् वरनं देखणा. फुडाऱ्यावानी." कुणी खळ ढवळत होतं, कुणी पतंगाचे कागद कातरत होतं. शेवंतीला यंदा कळी लवकर धरली, गुलाबाची छाटणी आता करावी की पंधरवडा थांबावं, हिर्डोशीकडं गव्यांनी नाचणी तुडवली, अशा गप्पा हळू आवाजात चालल्या होत्या. फक्त अमृत सर कुणाशी बोलत नव्हते. ते अंगठ्याएवढा माईक रोखून बसले होते. मानसिंगराव अधूनमधून घड्याळ बघत होते आणि हे रघुवीररावांना दिसेल अशा बेतानं बघत होते.

"उजाडलं की," मानसिंगराव म्हणाले. "पक्षी सुट्टीवर दिसतोय."

रघुवीररावांनी पाण्याचं परळ उगाच थोडं पुढं सरकवलं.

"मी चहा आणते," सौदामिनी उठली. जिन्याकडं गेली आणि वळून पाण्याच्या टाकीमागं शिरली. तिथं कृष्णकमळाच्या वेलाचा दाट पडदा होता. रिकाम्या कुंड्यांच्या उतरंडीत ती पदर सावरून उकिडवी बसली, ओठांवरून जीभ फिरवली आणि हिर्डोशीचा ओढा आठवला.

शीळ निघाली.

गच्चीवर कात्र्या थांबल्या. गेनबांच्या हातातली कामटी अर्धी वाकलेलीच राहिली. शीळ संपली तेव्हा अमृत सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कस्तूरच!" ते कुजबुजले. "शंकाच नको. आणि इतका शुद्ध! तीस वर्षांत असा ऐकला नाही."

रघुवीररावांनी मानसिंगरावांकडं पाहिलं नाही. न पाहण्यातच खरी मजा होती. सौदामिनीला वेलाच्या फटीतून नवऱ्याची ताठ झालेली मान दिसली आणि तिला इतकं बरं वाटलं, की तिनं आणखी एक तान सोडली. मग लगबगीनं खाली जाऊन चहाचा ट्रे घेऊन वर आली.

"शूऽऽ!" रघुवीरराव खेकसले. "बघा, ही आली की तो गप्प होतो. दर वेळेला!"

"वहिनींचा स्वेटर लाल आहे," अमृत सर गंभीरपणे म्हणाले. "भडक रंगाला पक्षी बुजतात. वहिनी, रागावू नका, पण तुम्ही जरा नजरेआड राहाल का?"

सौदामिनी मुकाट्यानं नजरेआड गेली. नजरेआड म्हणजे टाकीमागंच.

आता मात्र मंडळींची भूक वाढली. "आणखी एकदा ऐकायला मिळायला हवं," असं अमृत सर म्हणायचे आणि टाकीमागून एकदा व्हायचं. "मादीला साद घालतोय," ते सांगायचे. "हे हद्दीचं भांडण." सौदामिनीला आपण कुणाशी भांडतोय हे कळत नव्हतं, पण पायाला मुंग्या आल्या होत्या आणि कस्तुराच्या जवळच्या सगळ्या ताना संपल्या होत्या. तोंड कोरडं पडलं होतं. तरी ओठ आपले चालूच होते. आणि रोज सकाळी कानावर पडून पडून जे भिनलं होतं, ते तिच्या नकळत ओठांवर आलं. कचऱ्याच्या घंटागाडीचं गाणं!

कडवं संपायच्या आत गल्लीतली दारं धडाधडा उघडली. ओला कचरा, सुका कचरा, एकेक बादली घेऊन बायाबापड्या रस्त्यावर आल्या. समोरच्या अंबूबाई तर एका पायात चप्पल घालून धावल्या.

"आगं, रविवारची गाडी! आन् इतक्या लौकर?" त्या दोन्ही टोकांना बघत ओरडल्या. "कुटं गेली? आवाज तर आला!"

गच्चीवर अमृत सर ताडकन उभे राहिले. त्यांच्या अंगावर काटा आला होता. "ऐकलंत? त्यानं घंटागाडीचं गाणं उचललंय! रानातला पक्षी, आणि बिचारा कचऱ्याचं गाणं गातोय! मी यावर लेख लिहिणार. रघुवीरराव, तुमच्या गच्चीचं नाव जगभर जाईल."

रघुवीररावांनी कानावरची कानटोपी काढली. जगभर हा शब्द त्यांना पुन्हा एकदा नीट ऐकायचा होता.

मानसिंगरावांनाही आता मागं राहवेना. "त्याआधी नगरपालिकेला अर्ज देऊ," ते म्हणाले. "घंटागाडीचं गाणं बंद! पक्ष्याचा गळा बिघडतोय. आपण सगळे सह्या करू."

हे खाली अंबूबाईंनी ऐकलं. बादली कमरेवर घेऊन त्या गरजल्या, "कोण बंद करतोय गानं? मग गाडी आल्याली आमाला कशी कळायची? तुमचं पाखरू येऊन सांगनार हाय व्हय? थांबा, वरच येतो आमी सगळ्या!"

आणि त्या आल्याच. मागोमाग पाच-सहा बादल्या आल्या. दिवाळीच्या साफसफाईचा कचरा गच्चीच्या दारात आला, खळीच्या पातेल्यात कुणाचा तरी पाय पडला, आणि मानसिंगराव आणि अंबूबाई पक्षी मोठा की कचरा मोठा यावर हातवारे करू लागले.

सौदामिनीला राहवेना. ती वेल बाजूला सारून, केसात कृष्णकमळाची पानं घेऊन पुढं आली.

"अहो, थांबा सगळे. पक्षीबिक्षी काही नाही. ती शीळ मीच घालत होते."

रघुवीररावांचा चेहरा वालाच्या पानासारखा हिरवट झाला.

"मी," ती पुन्हा म्हणाली. "रोज पहाटे. माहेरी शिकलेय. लपवलं, चुकलं माझं. पण अर्जबिर्ज काही देऊ नका."

"घालून दाखवा बरं," अमृत सर म्हणाले.

तिनं ओठ जुळवले. एवढ्या डोळ्यांसमोर आधी नुसती वाफच निघाली. अंबूबाई फिदकन हसल्या. मग तिनं सरळ आभाळाकडं तोंड केलं आणि मघाचीच तान घातली. पहिली लांब, मग वळण, मग थबकून वर.

ती थांबली. मंडळींनी एकमेकांकडं पाहिलं. अमृत सरांनी मायेनं मान हलवली.

"छान आहे," ते म्हणाले. "खरंच छान. वहिनी, तुमची नक्कल चांगली आहे. पण मघाचा तो कस्तूर... त्याच्या आवाजात एक ओलावा होता. तो माणसाला नाही यायचा."

"अहो सर, तोच आवाज आहे!"

"ऐकणाऱ्याला फरक कळतो हो," मानसिंगराव म्हणाले. कस्तूर असण्यात आता त्यांचाही वाटा होता, कारण सरांना त्यांनी आणलं होतं. "भांडण मिटावं म्हणून वहिनींनी स्वतःवर ओढून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. बरं, तो अर्ज राहू दे."

"आसल्या शिट्ट्या तर माजा नातू बी मारतो," अंबूबाईंनी निकाल दिला आणि बादल्या घेऊन सगळ्या खाली उतरल्या.

सौदामिनीनं शेवटच्या आशेनं गेनबांकडं पाहिलं. त्यांनी कंदिलाला शेवटची गाठ मारली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "पाखराची सर न्हाई वैनी, पन तुमचं बी वाईट न्हाई."

मंडळी गेल्यावर सतरंजी झटकायला रघुवीररावांनी स्वतःहून दुसरं टोक धरलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर हसं झालं तुझं. पण माझ्यासाठी उभी राहिलीस, हे काही मी विसरायचो नाही. आणि आवड आहे ना तुला? मग चोरून कशाला? मोकळेपणी घालत जा शीळ. घरात घाल, गच्चीवर घाल. सरावानं येतं सगळं."

सौदामिनीला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती पोळ्या लाटायला गेली आणि लाटता लाटता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वयंपाकघरात खणखणीत शीळ घातली. बाहेरून कुणी काही बोललं नाही.

आता रोज पहाटे ती बिनदिक्कत शीळ घालत कुंड्यांना पाणी घालते. कानटोपी आणि शाल घेऊन रघुवीरराव शेजारी खुर्ची टाकून बसतात, डोळे मिटून ऐकतात आणि चुका काढतात.

"ती शेवटची तान जरा ओढ," परवा ते म्हणाले. "कस्तूर कसा ओढायचा, आठव."

तिनं ओढली. पलीकडच्या गच्चीवरची कबुतरंसुद्धा माना वळवून बघायला लागली.

"अजून थोडं कमी पडतंय," रघुवीरराव म्हणाले. "पण होईल."