अगस्तींनी प्यायलेली विहीर

टेंभवाडीची विहीर होळीच्या आधीच आटते. हे इतकं शिस्तीत चालतं की तालुक्याच्या कचेरीत त्याला टंचाई म्हणत नाहीत, परंपरा म्हणतात. यंदा मात्र परंपरा मोडणं भाग होतं. हिराबाईच्या सुनिलचं लग्न आसनगावच्या मनस्वीशी ठरलं होतं आणि पोरीनं बोलणीतच सांगून टाकलं होतं, "वाडीत नळ आला की मी आले."

नळाच्या पाहणीला तालुक्याहून साहेब आले. विहिरीत वाकून म्हणाले, "एवढं पाणी गेलं कुठं?"

उन्हात उभं राहून वाडीतल्या महादूचं टाळकं तापलं होतं. "अगस्ती ऋषी पिऊन गेले साहेब. एका घोटात!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

पंधरवड्यात पौराणिक स्थळनिश्चिती समिती जीप भरून हजर. अगस्तींनी समुद्र कुठं प्राशन केला, याचा ती वर्षानुवर्षं शोध घेत होती, आणि प्रवासभत्ता संपत आला होता.

"पुराणात समुद्र हाय न?" महादूचा शेजारी नामा म्हणाला. "ही तर हीर."

"आकसली असेल," अध्यक्ष म्हणाले. तेवढ्यात तळाशी मीठ सापडलं. ते नामाच्या पोरांनी कैरीबरोबर नेलेलं होतं, पण प्रयोगशाळेनं 'सागरी' असा निर्वाळा दिला.

पाटी लागली: 'येथे पाणी नाही, हेच या स्थळाचे माहात्म्य.' नळ रद्द झाला. नळ आला तर पुरावा भिजेल!

हिराबाई पदर खोचून कचेरीत गेली. "अवो साहेब, अगस्तीनं पेलं, पन मागाहून भगीरथानं गंगा आनली न? ती तरी आना!"

"बाई, अगस्ती आपल्या शहापूर तालुक्यात येतात. भगीरथ मुरबाडकडे वर्ग झालेत."

मुरबाडात उत्तर मिळालं, "भगीरथ आमच्याकडेच आहेत, पण त्यांची जागा अजून रिक्त आहे."

इकडे रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. शहरातले भाविक कोरड्या तळाला हात जोडत आणि थंड पाणी पीत. हिराबाई काठावर बसून म्हणू लागली, "ऋषी अजून तान्हेले हायेत गो बाय! घोटभर वाहा, पुन्य लागंल."

मग काय! बाटल्या उपड्या झाल्या, कॅन आले. एका सोसायटीनं तर लिफ्ट सुरू झाली म्हणून नवसाचा टँकर ओतला. विहिरीला गुडघाभर पाणी आलं. एक बेडूकही कुठूनसा येऊन संसाराला लागला. हिराबाईनं हळद दळून ठेवली. सुनिल तर रोज आंघोळ करायला लागला.

समिती तपासणीला आली आणि बेडूक पाहून हादरली. ओली विहीर अगस्तींची असूच शकत नाही! पाटी उखडली, गाड्या थांबल्या.

"सुटलो!" महादू नाचला. "आता नळ द्या."

"कशाला?" साहेब म्हणाले. "विहिरीत मुबलक पाणी आहे, असा समितीचाच अहवाल आहे."

आठवड्यात पाणी आटलं. बेडूक मुरबाडच्या दिशेनं गेला.

हिराबाई अहवाल आणि सुनिलला घेऊन आसनगावला पोचली. "वाच गो. सरकार सांगतंय, पानी हाय."

मनस्वीनं शेवटपर्यंत वाचलं. "कागदावर पाणी आहे ना मावशी? मग लग्नपण कागदावरच लावू."

सुनिल दारात उभा होता. त्यानं चपला पायात सरकवल्या.

अहवालाच्या मागे मुबलकतेचा पुरावा म्हणून एक फोटो टाचलेला होता. काळा चष्मा, एका हातात विहिरीवर उपडी धरलेली बाटली, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर.

"हे कोण?" मनस्वीनं विचारलं.

हिराबाईला सांगता येईना. रविवारी येतात ते सगळे सारखेच दिसतात. पण ही ओळख पटवायला समिती कशाला हवी? तुम्हीच जरा निरखून पाहा. चांगला आलाय हो फोटो तुमचा.