राजबंदुकीचा भार उतरविल्याची हकीकत

श्रीडोंगरदेवता समर्थ. ऐकणाऱ्यांचे पाय घट्ट असोत. शके सोळाशे अठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, कार्तिकमासी एके डोंगरी राज्यी रानडुकरांनी पठारावरील नाचणीचा सत्यानाश मांडिला, आणि महाराजांनी आज्ञा केली जे, शिकारी हैबतीने राजबंदूक घेऊन कडा चढावा. बंदूक चौदा शेर भरली. गेल्या साली तिच्याच भाराने हैबतीचा पाय निसटला, तो करवंदीच्या जाळीत अडकला म्हणून वाचला, हे त्याची बायको ठकूबाई विसरली नव्हती. मग तान्हे पाठीशी बांधून ती सदरेवर आली आणि बोलली, "महाराज, बंदूक हलकी करवा. धनी पडले तर डुकरं काय सुतक पाळणार आहेत?" महाराज हसले, आणि लोहाराने नळी वीतभर कापिली, आणि सुताराने दस्ता पोखरिला, आणि सोनाराने चांदीचे पत्रे काढिले, आणि बंदूक आठ शेरांवर आली. सर्वांस संतोष जाहला.

परंतु तेथील रिवाज ऐसा की, शस्त्र दुरुस्त जाहले म्हणजे मानकऱ्यांनी त्यास आपापला मान बांधावा. मग दिवाणजींनी पितळी घंटा बांधिली, आणि किल्लेदारांनी रुप्याचा तोडा, आणि पुरोहितांनी ताईत, आणि मागे कोणीच राहीना. ठकूबाई एकेक गाठ पाहात होती. न राहवून म्हणाली, "दिवाणजी, घंटा ऐकून डुकरं आरतीला येतील होय?"

"बाई, मानाला वजन नसतं!"

तेव्हां बाईने तराजू मागविला, आणि एका पारड्यात बंदूक घातली आणि दुसऱ्यात बाळ बसविले. बाळ उंच गेले आणि खिदळू लागले. "हे आठ शेरांचं. एवढं घेऊन मी रोज चढते. वरचा मान तुम्ही कड्यावर न्या."

दिवाणजी देहाने थोर. त्यांनी कड्याकडे एकवार पाहिले आणि स्वहस्ते घंटा सोडिली. मग सर्वांनीच सोडिले आणि बाळ खाली आले. ताईतास मात्र बाईने हात लावू दिला नाही. "असू दे तेवढा," म्हणाली.

हैबती चढला, आणि पागोटे कड्यावर दिसेतों बाईने पापणी लवविली नाही. मग बार जाहला. डुक्कर पडले, आणि हलक्या बंदुकीने असा धक्का दिला की हैबतीही नाचणीत बसला. उतरून म्हणाला, "खांदा सुजला गं, पाय शाबूत!"

महाराजांनी हुकूम केला, बंदूक ठकूबाईच्या बाळाहून जड नसावी. बाई म्हणाली, "महाराज, पोर वाढतंय." मग त्या दिवसाच्या वजनाचा धोंडा घडविला. बंदुका अद्याप त्यावर तोलितात. बाळ पुन्हा त्या पारड्यात मावले नाही. इतकेच वर्तमान.