तिसऱ्या मजल्यावरील छतमोहिमेची बखर

श्रीगजानन, कुलस्वामिनी आणि हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी, या तिघांच्या कृपेवाचून या राज्यात खिळादेखील ठोकिला जात नाही, सबब तिघांस आधी दंडवत घालून लिहिणार लिहितो की, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला असता तिसऱ्या मजल्यावरील राज्यात मोठी धामधूम जाहली, तिची हकिकत येणेप्रमाणे. राज्य म्हणावे तर दोन खोल्या, एक दिवाणखाना, एक स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. राज्याचे धनी राजश्री मधुसूदनराव हे पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षे कलमे झिजवून नुकतेच निवृत्त जाहले होते, आणि हुकूम सोडण्याची सवय तेवढी घरी आली होती, हुकूम ऐकणारे शिपाई खात्यातच राहिले होते. राज्य खरोखर चालवीत होत्या त्या त्यांच्या पत्नी शैलजाबाई, परंतु ही गोष्ट धनियांस कोणी सांगितली नव्हती आणि त्यांनीही पुसिली नव्हती. कन्या एकच, ऋजुता नामे, तीन वर्षांमागे लग्न होऊन दुसऱ्या शहरी नांदत होती.

त्या ऋजुतेस दिवस गेल्याचे वर्तमान आले आणि राज्यात साखर वाटिली. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज तो आपल्याच मुलखातील, त्यास कोणाचा दाखला नको, म्हणोन मधुसूदनराव निर्धास्त होते. मग एके दिवशी व्याह्यांचा फोन आला. व्याही गोड माणूस, गोडपणेच बोलिले, "तिला इथंच राहू दे की. एकोणिसावा मजला आहे, वारा आहे, लिफ्टला जनरेटर आहे. तुम्हाला उगाच त्रास कशाला?" त्यावर मधुसूदनरावांनी कन्येस फोन लाविला, तो ती म्हणाली, "बघू बाबा. नक्की झालं की कळवते." तो "बघू" ऐकून धनियांनी जाणिले की लेक येत नाही. कां की छत्तीस वर्षे खात्याच्या खिडकीत बसोन त्यांनी हजारो अर्जदारांस हेच एक उत्तर दिले होते, आणि त्याचा अर्थ त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक?

आता कन्या कां येत नाही, याचा शोध मनातल्या मनात सुरू जाहला आणि तो लागलीच लागला, कारण चुकीचा शोध लवकर लागतो. गणपतीस व्याह्यांकडे गेले असता तेथील छत मधुसूदनरावांनी पाहिले होते. त्या छतास आत एक आणखी छत होते, आणि त्या दुसऱ्या छताच्या पोटातून उजेड पाझरत होता, दिवा मात्र कोठे दिसत नव्हता. धनी इतका वेळ वर पाहत राहिले की विहीणबाईंनी विचारिले, "मानेचं काही दुखणं आहे का हो?" तेव्हांपासून आपले उघडे छत, त्यात मधोमध पंखा आणि पंख्याच्या दोहों अंगांस झोपाळ्याच्या दोन लोखंडी कड्या, हे सर्व त्यांस दरिद्री वाटों लागले होते. मग त्यांनी निश्चय केला की, मुलगी सातव्या महिन्यात डोहाळेजेवणास येईल, तो घर ऐसे करावे की ती परत जाण्याचे नावच न काढील. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून "घर नीट करू" म्हणोन काही रक्कम बाजूस ठेविली होती, ती बाहेर काढिली.

रक्कम थोडी आणि जगात सजावटीच्या चाली फार. कोणत्या चालीस पैसा लावावा आणि कोणत्या चालीस नमस्कार करून सोडावे, यासाठी मधुसूदनराव मोबाइलवर घरे सजविणारांचे व्हिडिओ पाहों लागले. सकाळच्या चहापासून दुपारच्या ताकापर्यंत पाहिले, आणि जितके पाहिले तितके अज्ञान वाढले, आणि अज्ञान वाढले तसा आत्मविश्वासही वाढला. एक म्हणे भिंती करड्या करा, दुसरा म्हणे करड्याचे दिवस संपले. एक म्हणे स्वयंपाकघराची भिंत पाडा. धनियांनी ही मसलत शैलजाबाईंपुढे ठेविली, तेव्हां त्या मिरच्यांची देठे काढीत होत्या. त्या म्हणाल्या, "पाडा. मग मी लाल मिरचीची फोडणी घालते आणि तुम्ही हॉलमध्ये बसून बातम्या बघा." ती भिंत त्या दिवशी वाचली. शैलजाबाईंची परीक्षा एकच होती. कोणतीही चाल दाखवा, त्या विचारीत, "आणि हे पुसणार कोण?" या एका प्रश्नाने नक्षीची पट्टेदार भिंत, काचेचे कपाट आणि भिंतीवरील उघडी फळी, ऐसे तीन सरदार एका संध्याकाळी गारद जाहले. धनियांची परीक्षा निराळी होती. ते मनात म्हणत, व्याह्यांकडे आहे काय? असेल तर पाहिजे. नसेल तर अवश्यच पाहिजे.

तरी चार वस्तू शैलजाबाईंच्या नजरेआड आल्याच. त्यात कमरेइतक्या उंच बरणीत उभे केलेले वाळके तुरेदार गवत होते, बरेच मोल देऊन आणिलेले. ते पाहतांच बाई म्हणाल्या, "अहो, केरसुणी उलटी उभी करू नये. घरातली लक्ष्मी जाते." धनी बोलिले, "ती केरसुणी नाही, ती फॅशन आहे." बाई म्हणाल्या, "जे काय असेल ते. लक्ष्मी गेलीच आहे ना दुकानात?" दुसरी वस्तू म्हणजे वेताची अंडाकृती खुर्ची, आपल्याच लोखंडी खांबास टांगलेली. ही आल्यावर जुन्या झोपाळ्याचे काम काय, ऐसे म्हणोन धनी फळी आणि साखळ्या भंगारवाल्यास देणार होते. बाईंनी फळी पलंगाखाली सारिली आणि साखळ्या पोत्यात घालून त्याजवर उशा ठेविल्या.

मग मार्गशीर्षात छताची मोहीम निघाली. त्या कामी यासीन मिस्त्री यांस पाचारण जाहले. हा गृहस्थ साठीचा, बोलणे थोडे, अंगावर नेहमी पांढरी भुकटी, आणि हात असा की ओळंबा लाविल्यावाचून रेघ सरळ यावी. मोजमाप घेता घेता मिस्त्रींनी वर पाहिले आणि विचारिले, "साहेब, ह्या कड्यांचं काय करायचं?" शैलजाबाई त्या समयी भाजीस गेल्या होत्या. धनी शिडीखाली कमरेवर हात ठेवून उभे होते, खात्यात धरणाच्या नकाशापुढे उभे राहत तैसे. ते म्हणाले, "कापून टाका." मिस्त्री म्हणाले, "स्लॅबमधल्या आहेत, आतपर्यंत गेलेल्या. पुन्हा बसायच्या नाहीत अशा." धनी म्हणाले, "पुन्हा कशाला लागतायत? छत खाली आलं की कोण बघतंय." मिस्त्रींनी आणखी एकच पुसिले, "घरात लेकीबाळी?" धनी म्हणाले, "एक मुलगी आहे. तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं." मिस्त्रींनी मान हालविली आणि काम धरिले. कड्या कापविल्याची गोष्ट मधुसूदनरावांनी पत्नीस सांगितली नाही. सांगू सांगू म्हणत राहिले, आणि पुढे छत झाकिले गेले, तेव्हां त्यांस वाटले की गोष्टही झाकिली गेली.

छत जाहले. दिवाणखाना वीतभर ठेंगणा जाहला, पंख्याची दांडी तोकडी करावी लागली, आणि उंच पाहुणा आला तर त्याने हात वर करून आळस देऊ नये, ऐसा नियम पडिला. छतात आठ गोल दिवे मागविले होते. बटण दाबिले तो सहाच लागले. पंख्याच्या दोहों बाजूंचे दोन दिवे पहिल्या दिवसापासून आंधळे. धनियांनी मिस्त्रींस फोन केला, मिस्त्री म्हणाले, "येऊन बघतो साहेब, लागलं की सांगा." धनी म्हणाले, "लागतच नाहीत, हेच तर सांगतोय." परंतु सहा दिव्यांचा उजेडही व्याह्यांच्या छतासारिखा पाझरत होता, म्हणोन मधुसूदनराव रोज संध्याकाळी खुर्चीत बसोन वर पाहत, आणि आपण किती शहाणे, या विचाराने त्यांस सुखाची झोप लागे. आता त्यांची मानही दुखों लागली होती.

माघ शुद्ध पक्षी डोहाळेजेवणाचा दिवस आला. ऋजुता आली, संगे विहीणबाई आल्या, सोसायटीतल्या बायका आल्या, हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटीचे तबक, सगळा सरंजाम सिद्ध जाहला. मधुसूदनराव दाराशी उभे राहून कन्येच्या मुद्रेकडे पाहत होते. तिने भिंत पाहिली, गवत पाहिले, छत पाहिले आणि म्हणाली, "छान केलंय बाबा." तीनच शब्द, परंतु धनियांस किल्ला सर जाहल्यासारिखे वाटले. मग त्यांनी मोठ्या मानाने तिला त्या वेताच्या खुर्चीत बसविले. सातवा महिना लागलेली पोर त्या अंड्यात गेली ती गेलीच. तिला बाहेर काढावयास दोन बायका पुढून आणि विहीणबाई मागून लागल्या, आणि बाहेर येतांच ऋजुता हसत म्हणाली, "आई, ह्यात नाही बाई बसत मी. आपला झोपाळा लावा ना. झोपाळ्याशिवाय कसलं डोहाळेजेवण?" शैलजाबाई म्हणाल्या, "फळी आहे पलंगाखाली. साखळ्याही आहेत." आणि त्यांनी वर पाहिले. ऋजुतेने वर पाहिले. सगळ्या बायकांनी वर पाहिले. वर पांढरे, गुळगुळीत, एकोणिसाव्या मजल्यासारिखे छत.

"बाबा, कड्या कुठे गेल्या?"

खात्यात मधुसूदनराव ऐशा वेळी "फाइल वर गेली आहे" म्हणत, परंतु येथे वर काय गेले ते सर्वांस दिसत होते. मग ते म्हणाले, "मीच कापायला सांगितल्या." शैलजाबाई ऋजुतेसाठी पाट मांडू लागल्या. ऋजुता खाली पाटावर बसली आणि हळूच म्हणाली, "माझा पाळणा तिथंच टांगला होता ना? तुम्हीच सांगायचात, रात्रभर दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायचात म्हणून. मी नवऱ्याला म्हटलं, बारसं आईकडेच करायचं, तिथं कड्या आहेत. म्हणून तर ऑफिसच्या रजेचं नक्की होईपर्यंत तुम्हाला 'बघू' म्हणत होते." विहीणबाईही म्हणाल्या, "अहो, मी तर आमच्याकडे म्हटलं होतं तिला, पण आमच्याकडे कड्या लावू देत नाहीत. बिल्डरचा नियम आहे." हे ऐकोन मधुसूदनरावांस जे वाटले ते लिहिण्यास शब्द आहेत, परंतु लिहितां लाज वाटते. ज्या एका गोष्टीपायी लेक घरी येणार होती, ती एवढी एकच गोष्ट त्यांनी पैसे देऊन कापून घेतली होती.

मग त्यांनी यासीन मिस्त्रींस फोन केला. नवीन कड्या बसतील काय, छत फोडावे लागले तर फोडा, लागेल ते देतो, ऐसे ते फोनवर बोलत असतां बायका उगाच ओटीच्या तबकातील तांदूळ सारखे करू लागल्या. मिस्त्री जवळच कामावर होते, ते पाऊण घटकेत आले, पायतण बाहेर काढिले, स्टूल मागितले आणि म्हणाले, "साहेब, जरा धरा." मधुसूदनरावांनी स्टूल धरिले. मिस्त्रींनी वर हात घालून त्या दोन आंधळ्या दिव्यांपैकी एक धरिला आणि बरणीचे झाकण फिरवावे तैसा फिरविला. तो निघून हातात आला. त्यामागे काळोख, आणि काळोखात जुनी लोखंडी कडी, तेल दिलेली.

"हे दिवे नव्हतेच साहेब," मिस्त्री म्हणाले. "झाकणं आहेत. म्हटलं होतं ना, लागलं की सांगा."

"मी कापायला सांगितलं होतं," मधुसूदनराव म्हणाले.

"सांगितलं होतंत. पण तेव्हा ताई भाजीला गेल्या होत्या. घरात माणसं दोन, सांगणारा एक. तेवढ्यावर स्लॅबमधलं लोखंड कापत नसतात." ऐसे बोलोन त्यांनी दुसरे झाकण काढिले. शैलजाबाईंनी आत जाऊन मिस्त्रींसाठी पहिले पान वाढिले, आणि ती त्या राज्यातील सर्वांत मोठी मानाची खिलत होय.

मग साखळ्या चढल्या, फळी लागली, फुले गुंफिली आणि ऋजुता झोपाळ्यावर बसली. पुढे चैत्रात, संवत्सर पालटून विश्वावसु लागल्यावर, तिला कन्यारत्न जाहले आणि बारसे त्याच कड्यांखाली जाहले. बाळाच्या बापाने दोरी अंगठ्यास बांधिली, ती पहिल्याच झटक्यास सुटली. मधुसूदनरावांनी गाठ कशी मारावी ते दाखविले, आणि त्यांचा हा एक हुकूम मात्र सर्वांनी ऐकिला.

तात्पर्य काय, तर गवत चार महिन्यांत झडले आणि शैलजाबाईंनी त्याने खरोखरच जळमटे काढिली. वेताच्या खुर्चीत आता धुतलेल्या दुपट्यांचा ढीग असतो. छत आहे, सहा दिवे पाझरतात, पाळण्यातल्या बाळाच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणोन कोणी लावीत नाही. सबंध मोहिमेत मोलाची जी वस्तू निघाली, ती पूर्वीच घरात होती आणि तिची दोन झाकणे मिस्त्रींनी बिलात धरिली नाहीत. बखरकारास हे इतके बारीक कैसे ठाऊक, ऐसे कोणी पुसेल तर एवढेच सांगणे की, झाकण निघाले तेव्हां वरून जी भुकटी पडिली ती स्टूल धरणाराच्या डोक्यावर पडिली, आणि ती अद्याप नीट निघाली नाही. बाळ जागे जाहले आहे, दोरी ओढिली पाहिजे, म्हणोन येथे लेखणी ठेविली.