छातीचं माप

माणसाला नावानं हाक मारायची असते, हे किसनतात्या टेलरांना मान्यच नव्हतं. ते छातीच्या मापानं हाक मारायचे. "या चाळीस, बसा!" "काय बेचाळीस, ऊस गेला का न्हाई?" आमचे पोस्टमन अडतीस, देवळातले गुरव चौतीस आणि मी छत्तीस. खरं सांगायचं तर मी छत्तीस होतो तो माझ्या लग्नात. आता शर्टाचं मधलं बटण मी श्वास धरून लावतो. पण तात्यांना ते सांगून उपयोग नव्हता. "एकदा डोळ्यात बसलं त्ये बसलं. आमी न्हाई बदलनार, तू प्वाट कमी कर," म्हणायचे.

रहिमतपुरात माझं झेरॉक्सचं दुकान तात्यांच्या दुकानाला भिंत लावून आहे. बावीस वर्षं झाली. मधली भिंत एवढी पातळ की त्यांच्या पायमशीनचा खडखडाट माझ्या दुकानात ऐकू येतो आणि माझं गिऱ्हाइकाशी झालेलं भांडण त्यांना. मग मशीन थांबवून ते भिंतीपलीकडून निकाल द्यायचे, तोही बहुतेक माझ्या विरुद्ध.

टेप त्यांच्या गळ्यात असायची, पण ती आपली शोभेला. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की चष्म्यावरून एकदा वर-खाली बघायचे, "डोळ्यात बसलं, शनवारी या," म्हणायचे आणि कापड बेतायला घ्यायचे. शनिवारी कपडा अंगात असा बसायचा की माणूस आरशासमोरून हलायचा नाही. एकदा एक पुढारी आले. मला चव्वेचाळीस लागतो, म्हणाले. तात्या म्हणाले, "बेचाळीस हाय साहेब. वरची दोन इंच हवा हाय." पुढारी परत आले नाहीत. तात्यांना त्याचं काडीचं दुःख झालं नाही.

शिवणकामातला एक शब्द त्यांनी साऱ्या जगाला लावला होता, तो म्हणजे झोळ. शर्ट खांद्याला नीट बसला नाही की तिथं कापड लोंबतं, त्याला झोळ म्हणतात. तात्यांना तो सगळीकडे दिसायचा. सरकारात झोळ. नव्या रस्त्यात झोळ. माझ्या पुतणीला बघायला आलेला मुलगा सगळ्यांना पसंत पडला, तात्या मात्र चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर डाव्या खांद्यात झोळ हाय." आमच्या वहिनी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

तर एक दिवस सफारीचं कापड कापता कापता त्यांची कात्री मध्येच थांबली. मी समोरच उभा होतो. छातीवर हात ठेवून ते सावकाश खाली बसले आणि म्हणाले, "छत्तीस, आत कुटं तरी झोळ हाय रं."

आधी साताऱ्याला नेलं. तीन ठिकाणी अडथळा निघाला. तात्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या काकींचे, भाऊ सांगलीला असतात, म्हणून मग मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात बायपास झालं. आत नेताना तात्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं, "टाकं बारीक घाला. मी बगनार हाय." आणि खरंच बघितलं. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सदऱ्याची बटणं काढून छातीवरचा व्रण दाखवायचे. "शिलाई सरळ हाय, पर गाठ वरच ठिवलीय. माझ्या हाताखाली आसता तर उसवाय लावलं आसतं!" लोक हसायचे. केळी-बिस्किटांचा ढीग पडला होता.

भेटायला येणारे पंधरा दिवस येतात. मग ज्याला त्याला आपापली कामं असतात. तिसऱ्या आठवड्यापासून घर रिकामं झालं आणि तात्यांचं हसणंही बंद झालं.

दोन महिन्यांनी दुकान उघडलं तेव्हा मी लगेच गेलो. ते खुर्चीत बसले होते, मशीनवर कापड झाकलेलं. मला बघून म्हणाले, "ये दत्ता, बस."

दत्ता माझंच नाव. पण बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. पाठोपाठ पोस्टमन आले, त्यांनाही नावानं हाक. बाहेर पडताना पोस्टमन मला हळूच म्हणाले, "तात्यांचं काही तरी बिनसलंय."

बिनसलं होतंच. काकींनी एकदा डोळ्याला पदर लावून सगळं सांगितलं. न्हाणीला आतून कडी लावत नाहीत. काकींना दळण घेऊन गिरणीतसुद्धा जाऊ देत नाहीत. दिवसभर एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या नाडीवर. भाकरी चतकोर. कुणी मोठ्यानं हसलं तरी दचकतात. "रिपोर्ट समदं चांगलं हायती म्हंत्यात डाक्टर. मग ह्यो मानूस असा का झाला, दत्ताभावजी?" मला काय कळतंय! मी आपलं, होईल बरं, म्हणालो.

त्यात टेपचा घोळ झाला. टाके उसवलेत की काय, या धास्तीनं तात्या रोज सकाळी आपली छाती मोजायचे. श्वास घेऊन एकदा, सोडून एकदा. ज्यांनी दुसऱ्याला कधी टेप लावली नाही, ते स्वतःला रोज लावायला लागले. पस्तीस यायची आणि तेवढ्यावर दिवस निघायचा. एके सकाळी छाती भरली साडेपस्तीस. तात्या पांढरेफटक. "छातीत पानी झालं. फुगाय लागली. संपलं आता." मी शटर ओढलं, गाडी बोलावली आणि त्यांना साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला. काही म्हणजे काही नाही. घरी येऊन बघतो तर त्यांच्या पुण्याच्या लेकीनं आदल्या दिवशी नवी टेप आणून खुंटीला लावलेली. जुनी कापडं बेतून बेतून ताणली होती. दोन्ही शेजारी धरल्या, तर जुनी अर्ध्या इंचानं लांब. म्हणजे छाती पहिल्यापासून साडेपस्तीसच होती. मला हसू आवरेना. तात्या मात्र दोन टेपा हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "मग इतकी वरसं मी लोकांची कापडं कशी मापली?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं हसू तिथंच गेलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हृदयाच्या ऑपरेशननंतर पुष्कळांचं मन असं खचतं. आजारच आहे तो, त्यावर औषध असतं. त्यांनी मनाच्या एका डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. ती मी तात्यांपुढे ठेवली, तर ते ताडकन म्हणाले, "छाती फाडली तवा गप पडलो. आता डोस्कं उसवाय निगालाय व्हय? मी येडा न्हाई." आणि चिठ्ठी पाटाखाली सारली. लेकीनं फोनवर विनवण्या केल्या. काकींनी शपथ घातली. नाही म्हणजे नाही. दिवसेंदिवस माणूस वाळत चाललेला, आणि औषध एका चिठ्ठीच्या अंतरावर.

एकदा माझंही डोकं फिरलं. म्हणालो, "तात्या, रिपोर्ट चांगले आहेत, हात-पाय धड आहेत, पुरे झाली आता ही नाटकं." त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आजही ते आठवलं की माझीच जीभ हासडावीशी वाटते.

आणि मग एका दुपारी भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आला. मी हातातले कागद तसेच टाकले. खड खड खड! थांबत थांबत, पण चालू होतं. पोस्टमनांना सांगितलं, गुरवांना सांगितलं. तात्या आले बाबा रुळावर! रोज दुपारी अर्धं शटर ओढून ते शिवत बसायचे. मी मुद्दाम आठ दिवस गेलो नाही, म्हटलं लय झालीत आपली शहाणपणं, शिवू दे निवांत.

नवव्या दिवशी चहाचे दोन कप घेऊन शटरखालून वाकून आत गेलो. मेजावर घडी घालून ठेवलेले अकरा ब्लाऊज. बारावा मशीनवर.

मला कळेना. तात्यांनी उभ्या जन्मात बायकांचं शिवलं नव्हतं. दारात आलेल्या बाईला ते, "आमी गडीमानसांचं शिवतो," म्हणून परत पाठवायचे. काकीसुद्धा लग्न झाल्यापासून पलीकडच्या आळीत एका बाईकडे शिवायला टाकत. मी विचारलं, "तात्या, हे कुणाचे?"

"हिचं," ते मशीनवरून मान न काढता म्हणाले. "बारा पुरतील. जपून वापरती ती. माझ्या माघारी टेलराची बायकू कापड घिऊन दुसऱ्याच्या दारात उभी ऱ्हायली, तर बरं न्हाई दिसत."

हातातला चहा मी खाली ठेवला. आम्ही ज्याला बरं होणं समजून नाचत होतो, ती या माणसाची जायची तयारी होती. मला तिथं बसवेना. दुकानाच्या मागंच त्यांचं घर, मागच्या दारानं जाऊन मी काकींना बोलावून आणलं.

काकींनी एकेक ब्लाऊज उचलून बघितला. त्यातला निळा घेऊन आत गेल्या. बराच वेळ लागला. आल्या त्या पदर घट्ट लपेटून. "आवं, ह्ये कुनाचं माप घेतलंय? चार बोटं कमी पडतंय."

"तुजंच हाय. डोळ्यात बसल्यालं."

"कवा बसल्यालं?"

तात्या विचारात पडले. मग ओशाळून म्हणाले, "तू पयल्यांदा आलीस तवाचं आसंल."

काकी हसल्या. हसत हसत भिंतीला टेकल्या आणि तिथंच रडायला लागल्या. मी दाराकडे वळलो, तर म्हणाल्या, "थांबा भावजी, तुमच्यादेखतच सांगती. मला ह्ये बारा ब्लाऊज नगं. मेल्यावर घाल म्हणून दिल्यालं मी घालनार न्हाई. आत शिवणीला माया सोडली आसंल तर उसवा आनि मोठं करा. पर त्याला मानूस जित्ता पायजे. उद्या माझ्यासंगं साताऱ्याला चला. न्हाई चालला तर ह्या बारांची दशीदशी करीन."

तात्या मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते. ते उगाच अर्धं फिरवून म्हणाले, "लोक काय म्हंत्याल गं?"

"मी लोकांची बायकू हाय का?" काकी म्हणाल्या.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं साताऱ्याला गेलो. मनाचे डॉक्टर म्हणजे एक बाई होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, काय होतंय? मी सांगायला तोंड उघडलं, तर काकींनी माझा हात दाबला. मग तात्या बोलले.

"रोज सकाळी वाटतं, आज. रातीला वाटतं, निजलो तर उठन का न्हाई. म्हनून बसून ऱ्हातो. काळजात धडधड झाली तरी भ्या, थांबली असं वाटलं तरी भ्या. गावात सांगतो, मला मरनाचं काय न्हाई. लय हाय, बाई. लय भ्या वाटतं. हिला एकलीला सोडून जायाचं तर लईच." आणि साठ ओलांडलेला तो माणूस ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊन रडला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, घाईही केली नाही. पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "काका, हे तुम्ही इतके दिवस एकट्यानं सोसलंत?" काकींनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. मीही बघितलं. नाटकं म्हणालो होतो मी त्याला.

गोळ्या घेऊन आम्ही स्टँडवर आलो. दर आठवड्याला यायचं ठरलं होतं. महिना-दोन महिने लागतील, घाई करू नका, असं बाईंनी बजावलं होतं. भर दुपारची वेळ, माणसांची ही गर्दी, कर्णा ओरडतोय, शेंगदाणेवाले ओरडतायत. काकी मध्ये बसल्या, तात्या त्यांच्या डाव्या बाजूला. बोलता बोलता तात्यांची मान काकींच्या खांद्यावर आली. मी घाबरून वाकून बघितलं. ते घोरत होते.

"किती दिसांनी," काकी ओठातल्या ओठात म्हणाल्या.

रहिमतपूरची गाडी लागली. काकींनी मला खुणेनं बस म्हणून सांगितलं. ती गाडी गेली. तासाभरानं दुसरी लागली. काकींचा खांदा अवघडला होता, घामानं ब्लाऊज भिजला होता, पण त्या तसूभर हलल्या नाहीत. दुसरीही आम्ही जाऊ दिली.